अठ्ठावीसच्या लेन्सचं टोपण

भाऊजी,

नांदेडहून तुम्हाला घेऊन गाडी आली. चौघांनी तुम्हाला पुढच्या खोलीत सतरंजीवर ठेवलं. उशाशी दिवा लावायला मी काडेपेटी शोधत होते, तेवढ्यात प्रसाद मागून येऊन हळूच म्हणाला, "मोठी आई, बाबांची ती अठ्ठावीसची लेन्स कुठं असती?"

तुमचा मुलगा. बंगलोरहून मिळेल त्या गाडीने आलेला, डोळे सुजलेले, दाढी वाढलेली, आणि विचारतोय काय, तर लेन्स. मला शिसारी आली. हा शब्द मी विचार करून लिहिते आहे. दुःख मागाहून झालं, आधी शिसारी आली.

हे लिखाण खरं तर सई आणि अमेयसाठी आहे. ती दोघं तिकडे मेलबर्नला. फोटोआजोबा गेले एवढंच त्यांना फोनवर कळलं. त्यांना सगळं क्रमाने सांगावं म्हणून मी कागद घेतले, समास आखला, आणि पहिलाच शब्द 'भाऊजी' असा उतरला. मग तो तसाच राहू दिला. फोटोच्या विषयावर तुमच्याशी वाद घातल्याशिवाय मला बोलताच येत नाही. नातवंडांनी शेजारी बसून ऐकावं.

तर लेन्स. अठ्ठावीस मिलिमीटरची, म्हणून अठ्ठावीसची. तुम्ही ती हैदराबादच्या एका बंद पडलेल्या स्टुडिओतून आणलीत. आपली हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातच होती. मखमली अस्तराच्या डबीत ती एवढीशी, पेढ्यासारखी चपटी. माझा समज होता की महागाच्या लेन्सा लांबलचक असतात. मी म्हटलं, "एवढ्याशा काचेसाठी हैदराबाद?" तुम्ही ती हातरुमालात धरून माझ्यापुढे केलीत आणि म्हणालात, "वहिनी, ही आख्खी खोली गिळती. भिंतीला पाठ लावून उभं राहिलं की चारी कोपरे आत."

मुलांना हे समजलं पाहिजे, कारण पुढचं सगळं यावर आहे. आजकालच्या कॅमेऱ्यात लेन्सला दिसतं तेच आपल्याला दिसतं. तुमच्या त्या जुन्या कॅमेऱ्यात तसं नव्हतं. बघायचं बाजूच्या एका छोट्या खिडकीतून. त्या खिडकीत एका माणसाची दोन माणसं दिसत. लेन्सचं कडं फिरवून ती एकावर एक आणली की अंतर बरोबर जुळलं. पण त्या खिडकीला एवढं रुंद दिसत नसे, म्हणून अठ्ठावीसच्या लेन्ससाठी कॅमेऱ्याच्या डोक्यावर आणखी एक खिडकी बसवावी लागे. फोटोत काय काय येणार ते त्या वरच्या खिडकीतून बघायचं. म्हणजे फोटो काढणारा दोन खिडक्यांतून बघणार आणि लेन्स आपली स्वतंत्र बघणार. लेन्स आंधळी झाली तरी माणसाला पत्ता लागत नाही.

तो पत्ता तुम्हाला माझ्या मीनलच्या साखरपुड्यात लागला नाही. नवी लेन्स, नवा उत्साह. तुम्ही खुर्चीवर चढलात, माजघराच्या कोपऱ्यात शिरलात, माझ्या विहीणबाईंना तीन वेळा जागेवरून उठवलंत. सगळा रोल संपवलात. आणि सगळा वेळ लेन्सवर काळं टोपण तसंच. धुतल्यावर रोल कोरा निघाला. सई, अमेय, तुमच्या आईच्या साखरपुड्याचा एकही फोटो का नाही, त्याचं कारण हे. तुम्ही दोघं अजूनही कुणी कॅमेरा वर केला की "टोपण काढलं का?" म्हणून ओरडता, ते तिथून सुरू झालं. भाऊजी, त्यानंतर तुम्ही टोपणाला आखूड दोरी लावून ती शर्टाच्या गुंडीला बांधायला सुरुवात केलीत. टोपण काढल्याशिवाय कॅमेरा डोळ्याला लागतच नसे. पुन्हा तुमच्याकडून ती चूक होणं शक्य नव्हतं.

मग मयतीचे फोटो सुरू झाले.

गावात दुसरेही फोटोवाले होते. पण लहानशा घरात मयताभोवती सगळं कुटुंब बसवून फोटो काढायचा तर त्यांना गल्लीत जाऊन उभं राहावं लागे, आणि फोटोत येत पाठी. तुम्ही कोपऱ्यात भिंतीला चिकटून उभे राहायचात आणि सगळं घर आत यायचं. तुमचं नाव कळमनुरीपर्यंत झालं. कुणाच्या घरी माणूस गेलं की आधी नातेवाइकांना निरोप आणि मग तुम्हाला. हळदीच्या हंगामात बाजारातली पिवळी धूळ तुमच्या केसांत बसलेली असायची, तसेच तुम्ही पिशवी उचलून निघायचात.

मी एकदाच तुमच्याबरोबर आले, डोंगरकडा गावाला. माझ्याबरोबर शाळेत शिकवणाऱ्या बाईंची सासू गेली होती. मी भेटायला आणि तुम्ही फोटोला, एकाच एसटीने. तिथे जे पाहिलं ते आज लिहिते. म्हातारी जमिनीवर, आणि एक माणूस भिंतीवरच्या आरशात बघून खिशातल्या कंगव्याने भांग पाडतोय. दोन सुना आत जाऊन साड्या बदलून आल्या. कुणीतरी म्हणालं, नाकातला कापूस काढा, बरा दिसत नाही. तो काढला. मग कुणीतरी म्हणालं, डोळे जरा उघडा. एकाने खरंच अंगठ्याने तिची पापणी वर केली. ती राहिली नाही म्हणून परत केली.

आणि मग भांडण. तुमच्या लेन्सचा गुण तोवर सगळीकडे माहीत झाला होता. ती खोली आत घेते, पण कडेला उभा राहणारा माणूस फोटोत आडवा पसरतो. धाकटी सून पदर सावरत म्हणाली, "म्या कडंला न्हाई राहणार. मागल्या टायमाला माझं तोंड भाकरीयेवढं आलतं."

मागल्या टायमाला.

तुमच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. तुम्ही म्हणालात, "मयत मधोमध घ्या. त्यांचा चेहरा बिघडता कामा नये. बाकीचे फुगले तर फुगू द्या." आणि दोरी ओढून टोपण काढलंत.

परत येताना मी तुम्हाला विचारलं की तुम्हाला किळस येत नाही का. तुम्ही विचारलंत, "कोणाची? मयताची?" मी म्हटलं, मयताची कशाला, बाकीच्यांची. "त्यांची येती की," तुम्ही म्हणालात, आणि वारंगा फाट्याला एसटी थांबल्यावर उतरून भजी घेऊन आलात. माझ्यापुढे केलीत. मी खिडकीकडे तोंड फिरवलं. तुम्ही सगळी खाल्लीत, कागदाला बोटं पुसलीत आणि कळमनुरी येईपर्यंत झोपलात.

मला तुमचीही किळस यायची, भाऊजी. आता काय लपवायचं. सगळ्यात जास्त यायची ती डोळ्यांची. लोक म्हणायचे, फोटोत डोळे उघडे पाहिजेत. तुम्ही बारीक कुंचला घेऊन आपल्या जेवायच्या टेबलावर बसायचात, शेजारी काळ्या रंगाची वाटी, आणि फोटोतल्या मिटलेल्या पापण्यांवर डोळे काढायचात. मी पोळ्यांचा डबा घेऊन यावं आणि टेबलावरून कुणी मेलेलं माणूस टक लावून माझ्याकडे बघत असावं. किती वेळा सांगितलं की हे काम तुमच्या स्टुडिओत करा. तुम्ही म्हणायचात, इथं उजेड चांगला आहे. माझी वरणाची वाटी तुम्ही एकदा रंगाला वापरली, ती मी फेकून दिली. तुम्ही ती उकिरड्यावरून परत आणलीत आणि नंतर कायम तीच वापरलीत.

वाद एकाच गोष्टीवर होता आणि तो तुम्ही मला जिंकू दिला नाही. डोंगरकड्याच्या पुढच्या तांड्यावरचा एक माणूस आईचा फोटो न्यायला थेट घरी आला. तुम्ही जेवत होतात. तो उंबऱ्याशी बसला आणि पाकिटातून फोटो काढून बराच वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, "सायेब, आमच्या याडीचा जल्मात येवढा एकच फोटू. डोळं बराबर काढले तुमी. असंच बघायची ती." त्याने फोटो डोक्याला लावला आणि गेला.

तुम्ही भात कालवत माझ्याकडे बघितलंत. "बोला आता, वहिनी."

मी म्हटलं, ती जिवंत होती तेव्हा का नाही काढलात?

"तेव्हा कोन बलावतं मला?"

"मग न बोलावता जा."

तुम्ही हसलात आणि ताक मागितलंत. पुढे कैक वर्षं, कुठल्याही जेवणात, कुठल्याही निमित्ताने, हेच बोलणं इथपर्यंत यायचं आणि इथेच थांबायचं. मी बोट उगारून म्हणायची, न बोलावता जा. तुम्ही ताक मागायचात.

आता सुमनचं. मुलांनो, सुमन म्हणजे भाऊजींची बायको, प्रसादची आई. तुम्ही दोघांनी तिला पाहिलेलं नाही. ती गेली तेव्हा प्रसाद सातवीत होता. घर भरलं. वसमतचा श्रीरंग, म्हणजे भाऊजींचा चुलतभाऊ, सगळ्यांत पुढे. तोच म्हणाला, "सगळ्या दुनियेचे फोटो काढता, स्वतःच्या बायकोचा काढणार न्हाई काय? पोरगं उद्या काय बघंल?" चार जणांनी मान हलवली. भाऊजी, तुम्ही उठलात. आत जाऊन कॅमेरा आणलात. मी प्रसादला घेऊन मागच्या अंगणात निघून गेले, कारण मला ते पाहवणार नव्हतं. आतून एकदाच खट्ट असा आवाज आला.

तेराव्यानंतर श्रीरंगने फोटो मागितला. तुम्ही म्हणालात, रोल कोरा निघाला. टोपण राहिलं.

सगळे हळहळले. बिचारा, दुःखात भान राहिलं नाही. ज्यांनी साखरपुड्याचा किस्सा चघळून चघळून हसत हसत सांगितला होता, त्यांनीच आता तो डोळ्याला पदर लावून सांगितला. आपल्या घरात "टोपण काढलं का" हे पुष्कळ दिवस कुणी म्हटलं नाही. मी तुम्हाला काही विचारलं नाही. टोपणाची दोरी मात्र त्या दिवशीही तुमच्या गुंडीलाच होती. अंगणात जाताना मी ती पाहिली होती.

पुढे माझे यजमान गेले, तुमचे दादा. तेव्हा तुम्ही पिशवी घेऊन दारात आलात. श्रीरंग तिथेही होता. मी तुमच्याकडे पाहून मान हलवली, नको म्हणून. तुम्ही पिशवी खाली ठेवली आणि तिच्यावर सतरंजी टाकलीत. श्रीरंगने विचारलं, काहून थांबले. तुम्ही म्हणालात, "लेन्स बिघडली." बस्स. त्या दिवसाबद्दल मी तुमचे आभार मानले नाहीत, आज मानते.

त्याच आठवड्यात, पाहुणे गेल्यावर, तुम्ही मागच्या पायरीवर बसून म्हणालात, "वहिनी, माझ्या टायमाला पण हेच करा. फोटो न्हाई काढू द्यायचा."

मला राग आला. जन्मभर दुसऱ्यांच्या पापण्यांवर डोळे रंगवलेत आणि स्वतःची वेळ आली की नको. मी तसं बोलूनही दाखवलं. तुम्ही पायरीवरची हळदीची पूड नखाने खरवडत होतात. म्हणालात, "मी आत्ताच सांगू शकतो, माझ्या फोटोत मधे कोण घुसंल अन् कडंला कोण राहील." एवढंच. यातून जे काही समजायचं ते मी समजले, पण पुरतं समजले का, माहीत नाही. इतरांचे काढणं बरोबर होतं असं तुम्हाला शेवटपर्यंत वाटत होतं का? का त्या तांड्यावरच्या माणसासाठी तुम्ही बाकीच्यांची किळस गिळत होतात? विचारायला हवं होतं. मी म्हटलं, बरं, नाही काढू देणार. तुम्ही म्हणालात, वचन? मी म्हटलं, मी काय तुमच्यासारखी विसरभोळी आहे?

आणि गेल्या महिन्यात तुम्ही पुढच्या खोलीत सतरंजीवर, उशाशी दिवा, आणि प्रसाद लेन्स विचारतोय.

प्रसाद वाईट मुलगा नाही. त्याला इंटरनेटवर कळलं होतं की तशा लेन्सा आता बनत नाहीत, जपानमधले लोक शोधून शोधून जमवतात. पण लेन्स विकायची म्हणून तो विचारत नव्हता, निदान त्या क्षणी नाही. त्याला तुमचा शेवटचा फोटो तुमच्याच कॅमेऱ्याने काढायचा होता. हे कळल्यावर मला वाटलं, विकायचं म्हणाला असता तर बरं झालं असतं. विकण्याला मी हो म्हटलं असतं.

मी त्याला स्पष्ट सांगितलं. बाबांनी नको म्हटलंय, मला म्हटलंय, मागच्या पायरीवर बसून म्हटलंय.

"मला कधी न्हाई बोलले," प्रसाद म्हणाला. "आणि मोठी आई, माझ्याजवळ आईचा शेवटचा पण न्हाई."

 मी दिव्यात तेल घालायला वळले आणि श्रीरंगला तेवढं पुरलं. "आता तुमचंच काय चालवता, वहिनी. लेकराची इच्छा हाय." याच श्रीरंगने वसमतच्या जुन्या घराच्या सामाईक भिंतीसाठी तुमच्याशी नऊ वर्षं अबोला धरला होता. घरच्या लग्नकार्यातही तो तुमच्याकडे न बघता बसायचा. तो आता तुमच्या उशाशी मांडी घालून बसला, तुमच्या कपाळावर हात ठेवून. तुमच्या कपाळावर. मला वाटलं, पाणी आणून तो हात धुवावा. त्याचा हात नव्हे, तुमचं कपाळ.

मग सगळं तेच सुरू झालं जे मी डोंगरकड्याला पाहिलं होतं, फक्त घर आपलं. कुणीतरी तुमचा भांग सरळ केला. जन्मभर तुम्ही तो तिरपा पाडत होतात. श्रीरंगच्या बायकोने गळ्यातलं बाहेर काढून पदरावर ठेवलं. कडेला कुणाला राहायचं नव्हतं. तुम्ही सांगितलं होतंत अगदी तसे, नावानिशी तसे, सगळे मध्ये घुसले. मी दाराशी उभी होते.

प्रसादने कॅमेरा आणला. लहानपणी तुम्ही शिकवलेलं त्याच्या हातात अजून होतं. कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून तो उभा राहिला. वरची खिडकी बसवली. बाजूच्या खिडकीतून बघत कडं फिरवलं, दोन बाबा एकावर एक आणले.  मग वरच्या खिडकीला डोळा लावला आणि म्हणाला, "सगळे आत येऊन राहिले. श्रीरंगकाका, जरा खाली."

दार उघडं होतं, उजेड समोरून येत होता. काच असती तर त्यात दाराची चौकट चमकली असती. मला काही चमकताना दिसलं नाही. काळ्या कड्यात काळंच होतं. आणि टोपणाची दोरी कॅमेऱ्याखाली लोंबत होती, कुणाच्याच गुंडीला न बांधलेली.

खोलीत एवढी माणसं होती, सगळी त्या लेन्सकडे बघत होती, आणि कुणालाही कळलं नाही. आपल्या घरात जे वाक्य लहान मुलंसुद्धा म्हणतात, ते कुणाच्याही तोंडून आलं नाही. मुलांनो, तुम्ही तिथे असता तर ओरडला असता.

प्रसादने माझ्याकडे पाहिलं. "मोठी आई, तुम्ही येत न्हाई?"

मी गेले. श्रीरंगला म्हटलं, सरक. तो सरकला. मी तुमच्या उशाशी बसले, आधी तुमचा भांग बोटाने तिरपा केला, मग हात जोडले आणि सगळ्यांना म्हटलं, "हलू नका रे कुणी." वर्गात म्हणायचे तशा आवाजात. सगळे स्तब्ध झाले. खट्ट असा आवाज आला.

तोच आवाज मी अंगणातून ऐकला होता. सुमनच्या वेळचं मला विचारायचं होतं ना, ते आता विचारत नाही.

प्रसाद दिवस झाल्यावर रोल घेऊन बंगलोरला गेला, कॅमेरा आणि लेन्स माझ्याकडे ठेवून. तिथे रोल धुतला आणि मला फोन केला. म्हणाला, बाबांनी आधी काढलेले सगळे आले, माझाच तेवढा न्हाई आला. मग म्हणाला, "मोठी आई, टोपण राहिलं वाटतं." मी म्हटलं, "राहतं. तुझ्या बाबांचंही राहायचं." तो रडला. मी त्याला रडू दिलं. माझ्या जिवाला ते बरं वाटलं नाही, पण वाईटही वाटलं नाही. हे वाचल्यावर सई किंवा अमेय त्याला सांगतील. सांगू द्या. मला भेटायला आला की मी त्याला मागच्या पायरीवर बसवून पुन्हा सगळं सांगेन, आणि लेन्सही देईन.

त्याने तुमचे बाकीचे फोटो पाठवले. मयतीचा एकही नाही. तांड्यावरच्या म्हाताऱ्या आहेत, दारात बसलेल्या, जिवंत, एकेकटीच मधोमध. एकीच्या मांडीवर शेळीचं करडू. एक तुमच्यावर डाफरते आहे. म्हणजे न बोलावता गेला होतात. मला सांगायचं नाही, ताक मागत राहायचं. या गोष्टीचा राग मला अजून आवरत नाही.

आणि रोलमधला शेवटचा फोटो आपल्या घरातला. तुम्ही कोपऱ्यात उभं राहून कधी काढलात मला आठवत नाही. मधोमध जेवायचं टेबल, त्यावर माझी वरणाची वाटी, तुमच्या काळ्या रंगाने बरबटलेली. आणि अगदी कडेला मी. तोंड उघडं, बोट वर, गाल दोन्हीकडे पसरलेले, भाकरीएवढे. फार घाण दिसते मी त्यात.

सई, अमेय, या लिखाणाबरोबर तो फोटो पाठवते आहे. कुणी विचारलं तर सांगा, आमची आजी फोटोआजोबांशी बोलते आहे.